सर नसतानाही मैदान चालू राहावं म्हणून: धावणाऱ्या मुलांच्या हाती त्यांचा सराव कसा द्यायचा

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातले एक क्रीडाशिक्षक १३ ते १७ वयाच्या वीसेक मुलामुलींकडून ८०० आणि १५०० मीटरची तयारी करून घेतात. ते मैदानावर असले की सराव चोख होतो. निवडणुकीच्या ड्युटीवर चार दिवस गेले की निम्मी मुलं येत नाहीत आणि आलेली क्रिकेट खेळतात. वहीत मात्र चारही दिवसांचे राउंड व्यवस्थित लिहिलेले असतात, एकाच पेनाने, एकाच बैठकीत. ‘यांना स्वतःची जबाबदारी कधी कळणार? आणि दोघे-तिघे कशानेच हलत नाहीत, त्यांना काढून टाकू का?’ असं त्यांनी विचारलंय.

सर, आधी एक मोजणी करा. उद्या खिशात कागद ठेवा आणि दीड तासात जे जे ठरतं, ते कोणी ठरवलं त्याच्या रेघा ओढत जा. सुरुवात किती वाजता, वॉर्मअपला किती राउंड, कोण कोणासोबत धावणार, किती वेळा, किती वेगाने, मध्ये किती थांबायचं, कधी बास करायचं. बहुतेक मैदानांवर पंधराएक रेघा सरांच्या नावावर पडतात. मुलांच्या नावावर एखादी, पाणी कधी प्यायचं त्याची, आणि तीही काही जण विचारूनच पितात. ही मुलं आळशी नाहीत. ती शिट्टीवर धावायला शिकली आहेत, आणि ड्युटीवर जाताना शिट्टी तुमच्याबरोबर गेली.

त्यामुळे जबाबदारीवर भाषण देऊन काही होत नाही; भाषण संपल्यावर पुढचा राउंड पुन्हा तुम्हीच सांगता. ठरवण्याचं काम एकेक करून त्यांच्याकडे जायला हवं. आधी असं द्या, जे चुकलं तर एखादा सराव वाया जाईल, त्याहून जास्त काही बिघडणार नाही. ते तीन-चार आठवडे नीट चाललं की पुढचं. आणि दिलेलं मधेच परत घ्यायचं नाही. सगळ्यात अवघड हेच आहे, आणि ते मुलांना नाही, आपल्याला अवघड जातं.

कुणाला काय द्यायचं याचा ढोबळ अंदाज सांगतो. बारा-तेराच्या मुलाकडे त्याचं सामान, वेळ आणि वॉर्मअपमधली पाळी. चौदा-पंधराच्या मुलाकडे वही, वेग ओळखणं आणि दुखलं तर काय करायचं हे. सोळा-सतराच्या मुलाने आठवड्यातला एक वर्कआउट स्वतः आखायचा आणि शर्यतीचा बेतही. वयापेक्षा मूल किती महिने मैदानावर येतंय ते पाहा. काल आलेला सोळा वर्षांचा मुलगासुद्धा बाटली आणि बुटांपासूनच सुरू होतो.

वॉर्मअप आधी मुलांवर सोडा

हे सगळ्यात सोपं आहे. वॉर्मअप रोज तोच असतो आणि चुकला तरी फारसं बिघडत नाही. आधी तो अठरा-वीस मिनिटांत पक्का बसवून घ्या. गप्पा मारता येतील इतक्या सावकाश ८ मिनिटं धावणं. मग घोटा, गुडघा, कंबर, खांदे मोकळे करणं आणि पाय पुढे-मागे, आडवे झुलवणं, ४ मिनिटं. मग हाय नी (गुडघे उंच उचलत धावणं), बट किक (टाचा मागे वर मारत धावणं), ए-स्किप (गुडघा उचलून लंगडीसारखी उडती पावलं) प्रत्येकी २० मीटर दोनदा. शेवटी ७० मीटरच्या ४ स्ट्राइड, म्हणजे हळूहळू वेग वाढवत मोकळ्या ढांगांनी धावणं, दर वेळी चालत परत. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर हे लिहा, वर चिकटपट्टी लावा, म्हणजे घामाने भिजणार नाही.

आता जोड्या पाडा. एका आठवड्याला एक जोडी, मोठ्याबरोबर लहान. तुम्ही मैदानाच्या पलीकडच्या टोकाला उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. कुणी ए-स्किप चुकीचं करत असेल तरी तिथून ओरडायचं नाही. संपल्यावर त्या जोडीला बाजूला घ्या आणि एकच गोष्ट सांगा. पाच सांगितल्या तर दुसऱ्या दिवशी ती जोडी दर मिनिटाला मान वळवून तुमच्याकडे बघेल.

बिघडतं ते ठरलेल्या तीन ठिकाणी. पहिलं, स्ट्राइड गायब होतात, कारण तोवर मुलांना कंटाळा आलेला असतो. स्ट्राइड कशासाठी हे कुणालाही विचारा. ‘शरीराला वेगाची ओळख करून द्यायला, नाहीतर पहिला ४०० अंगावर येतो’ असं आपल्या शब्दांत सांगता आलं नाही, तर तो पुठ्ठा नुसता पाठ झालेला आहे. दुसरं, मोठी मुलं धाकट्यांवर दादागिरी करतात, उशीर झाला म्हणून उठाबशा काढायला लावतात. पहिल्या दिवशीच सांगा, वॉर्मअप घेणाऱ्याला शिक्षा द्यायचा अधिकार नाही. तिसरं, हुशार आणि तोंडाळ असा एकच मुलगा दर वेळी पुढे येतो आणि बाकीच्यांची सुटका होते. पाळीचा कागद भिंतीवर लावा, अदलाबदल नाही.

वेग घड्याळातून अंगात

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. जो मुलगा स्वतःचा वेग ओळखत नाही, तो सराव स्वतः चालवूच शकत नाही. तुम्ही काठावरून ‘फास्ट, फास्ट’ म्हणणार आणि तो पळणार. शर्यतीत तुम्ही कुंपणाबाहेर असता.

सुरुवात मैदान आखण्यापासून करा, आणि तेही मुलांकडूनच करून घ्या. शाळेच्या मैदानावर बहुधा २०० मीटरचाच ट्रॅक बसतो. दोन खिळे बरोबर ५० मीटरवर ठोका. हे दोन्ही वळणांचे मध्यबिंदू. १५.७२ मीटरची न ताणणारी दोरी खिळ्याला बांधून दोन्ही टोकांना अर्धवर्तुळं काढा आणि दोन सरळ रेषांनी जोडा. फक्की याच रेषेवर टाकायची. रेषा उंच कठड्याची नसेल, तर धावण्याचं अंतर तिच्या २० सेंटिमीटर बाहेरून मोजतात. म्हणजे त्रिज्या १५.९२ होते, दोन्ही वळणं मिळून १०० मीटर आणि दोन सरळ बाजू मिळून १००. कोपरे काटकोनात आहेत का ते ३, ४, ५ मीटरच्या दोरीच्या त्रिकोणाने तपासता येतं. पायथागोरस नववीतल्या मुलांना तिथे पहिल्यांदा उपयोगी पडतो. तासाभराचं काम आहे. ‘राउंड म्हणजे सर म्हणतील ते’ ही समजूत या एका तासात बरीच कमी होते. बाहेरून धावलं तर अंतर का वाढतं, आतून कापलं तर कोण फसतं, हे सांगत बसावं लागत नाही.

मग अंदाजाचा खेळ. ६ वेळा २०० मीटर, मध्ये ९० सेकंद चालणं. तेरा-चौदाच्या मुलांना ४८ सेकंदांचं लक्ष्य पुरे. घड्याळ फक्त तुमच्याकडे. मूल रेषा ओलांडलं की आधी त्याने आकडा सांगायचा, मग तुम्ही घड्याळ दाखवायचं. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे आणि फरक काढायचा. आजचा विजेता सगळ्यात जलद आलेला नाही, फरकाची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो. पहिल्या दिवशी चार-पाच सेकंदांची चूक सर्रास होते, आणि पहिला २०० जवळजवळ सगळेच ४२-४३ मध्ये मारतात. आठवड्यातून एकदा असं महिनाभर चालवलं की बरीच मुलं दीड-दोन सेकंदांच्या आत येतात.

इथे फसवणूक वेगळ्या वाटेने शिरते. मूल स्वतःचा वेग ओळखण्याऐवजी पुढच्याच्या पाठीला चिकटतं. म्हणून एकेकाला २० सेकंदांच्या अंतराने सोडा. हाताला घड्याळ असेल तर ते पिशवीत. जीपीएस घड्याळ असलेल्या एखाद्या मुलाचं इतरांना कौतुक वाटतं, पण लहान ट्रॅकच्या वळणांवर त्याचं अंतर हमखास चुकतं. मुलांना ते मोजून पाहू द्या.

आता आकडेमोड. १५०० मीटर ५ मिनिटांत म्हणजे १०० मीटरला २० सेकंद, २०० ला ४०, ४०० ला ८०. पहिला ४०० जर ७० मध्ये गेला, तर तिसऱ्यात काय होईल हे मुलांनाच सांगू द्या. मोठ्या खेळाडूचा आकडा घेतला की या गणितात जीव येतो. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने जुलै २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८:०९.९१ मध्ये पूर्ण केली. म्हणजे दर २०० मीटरला सरासरी ३२.७ सेकंद. तुमच्या सर्वांत जलद मुलाला एकच २०० मीटर ३२.७ मध्ये धावायला सांगा. बहुतेक तो कंबरेवर हात ठेवून वाकेल. मग सांगा, असे पंधरा, न थांबता, आणि वर २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या. त्यानंतर ‘मी किती वेगाने सुरू करू?’ हा प्रश्न मुलं आपणहून विचारू लागतात.

वही खरी कशी होते

तुमच्या वह्या खोट्या आहेत, कारण त्या तुमच्यासाठी लिहिल्या जातात. त्यातलं वाचून आजवर एकाही दिवसाचा सराव बदलला नसेल, तर त्या वहीचा उपयोग हजेरीपुरताच. मुलं तेवढं बरोबर ओळखतात.

शंभर पानी साधी वही, रोज एक ओळ, सहा रकाने: वार, झोप, सकाळची नाडी, काय केलं, आकडा, शेरा. नाडी उठायच्या आधी, अंथरुणात पडूनच, मनगटावर पूर्ण ६० सेकंद मोजायची. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. आकडा म्हणजे सराव एकूण किती जड गेला, ० ते १० मध्ये. ० म्हणजे विश्रांती, ३ म्हणजे धावताना गप्पा मारता येतात, ५ ला छोटी वाक्यं, ७ ला एखाद-दुसरा शब्द, १० म्हणजे यापुढे एक पाऊलही नाही. हा आकडा संपल्यावर अर्ध्या तासाने टाकायचा. लगेच विचारलं तर शेवटचा राउंडच सगळ्या सरावाचा आकडा ठरवून जातो.

नमुन्याची एक ओळ:

मंगळ. झोप ६ तास. नाडी ७४ (नेहमी ६६). ६ × ४०० मी.: ९२, ९१, ९३, ९६, ९९, सहावा सोडला. आकडा ९. उजवी नडगी आतून लांबवर किंचित दुखते (१० पैकी २), धावताना वाढत नाही. घरासमोर वरात होती, झोप नाही.

एवढी ओळ वाचली की बुधवारी या मुलीकडून काय करून घ्यायचं नाही ते कळतं. म्हणून बुधवारी सगळ्यांसमोर म्हणा, ‘हिच्या वहीत असं आहे, म्हणून आज ही गवतावर २५ मिनिटं सावकाश धावेल.’ पहिल्या पंधरवड्यात असं निदान दोनदा घडलं पाहिजे. वही खरी लिहिण्याचं कारण मुलांना तिथे दिसतं. उलट ‘फक्त ९९? आणि सहावा सोडला?’ असं एकदा जरी सगळ्यांदेखत म्हणालात, तर त्या दिवसापासून वीसही वह्यांत सगळं छान छान लिहिलेलं मिळेल. वहीत लिहिलेल्या कशावरूनही रागवायचं नाही, हा नियम तुमच्यासाठी आहे.

एका खुणेवरून निर्णय नको. नाडी दोन आठवड्यांच्या सरासरीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त आणि झोपही कमी, किंवा नाडी जास्त आणि कालचा आकडा ९, अशा दोन खुणा जुळल्या की सराव हलका. नुसती नाडी घाईघाईत उठल्यामुळेही वाढते. आठवडाभर रोज ७२ दिसली तर मोजलेलीच नाही. तरी चोर पकडल्यासारखं करू नका. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आडवं करून एकत्र मोजायला लावा.

शनिवारी मुलांनी आठवड्याची बेरीज काढायची: मिनिटं गुणिले आकडा. सोम ५० × ४ = २००, मंगळ ६० × ७ = ४२०, बुध ४० × ३ = १२०, गुरू ५५ × ६ = ३३०, शुक्र विश्रांती, शनि ६० × ८ = ४८०. रविवारचं सावकाश धावणं ४५ × ३ = १३५ ठरलेलं असेल तर ते आधीच धरायचं. एकूण १६८५. पुढच्या आठवड्यात एकदम २५०० झाले, तर काय वाढलं ते मुलाने सांगायचं. तुम्हीही तुमच्या वहीत आधी लिहून ठेवा, की आजचा सराव तुमच्या मते किती आकड्याचा. तुमचा सोपा ३ मुलांच्या वहीत ६ म्हणून आला, तर बदल तुमच्या आखणीत हवा.

झोपेचं गणितही त्यांनाच मांडू द्या. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात. सराव पाचला उठून असेल आणि मोबाइल अकराला बाजूला पडत असेल, तर सहाच तास उरतात. ‘मोबाइल ठेव’ असं सांगण्यापेक्षा उठायच्या वेळेपासून उलटं मोजायला लावलं की झोपायची वेळ मूल स्वतःच लिहितं. सगळी पाळत नाहीत. जी पाळतात त्यांच्या आकड्यांत महिन्याभरात फरक दिसतो आणि बाकीची तो बघतात.

मुलींच्या वहीत पाळीची खूण हवी. ती शेवटच्या पानावर, त्यांच्याच चिन्हाने, आणि ते पान तुम्ही उघडायचं नाही. हा विषय एखाद्या शिक्षिकेकडे सोपवा. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरकडे जायचं, एवढं त्यांना आधीच ठाऊक असावं. जास्त सराव आणि कमी जेवण यामुळे असं होऊ शकतं आणि हाडं कमकुवत होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षय असलेल्या आहेत. तेव्हा चांगली धावणारी मुलगी अचानक मागे पडू लागली, तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या, मन लावत नाही वगैरे नंतर.

दुखणं सांगायचं कसं

मुलं दुखणं लपवतात. निवड जाईल ही भीती असते, किंवा ‘नाटकं करू नको’ हे वाक्य ऐकलेलं असतं. त्यांना ठरवता येईल असा साधा नियम द्या. दुखणं ० ते १० मध्ये २ पर्यंत आणि धावताना वाढत नाही: चालू ठेव, लिहून ठेव. ३ ते ५: अंतर निम्मं, वेगाचं काम बंद, आणि सांग. त्याहून जास्त, किंवा पाय लंगडत पडतोय: थांब. हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, विशेषतः नडगीवर किंवा पावलात, तर आकडा कितीही असो, थांबायचं आणि डॉक्टर. हाडाला बारीक तडा गेल्याची ती खूण असू शकते. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखून तिथे टेंगूळ येतं, किंवा टाचेच्या मागे दुखतं. ते स्नायूंच्या ओढीमुळे होतं, आणि उड्या व वेग काही आठवडे कमी केले की बहुधा आटोक्यात येतं. साधारण बाराच्या आसपास मुलींची आणि चौदाच्या आसपास मुलांची उंची भराभर वाढते, तेव्हा हे जास्त दिसतं.

थांबलेल्याला सगळ्यांसमोर ‘का थांबलास?’ विचारू नका. आणि दुखापत झालेल्या मुलाने मैदानावर यायचंच, घड्याळ धरायचं, वेळा लिहायच्या. घरी बसवलं की दोन आठवड्यांत सवय मोडते.

आखणी मुलांची, हद्द तुमची

सोळा-सतराच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस पूर्ण द्या. एकदम कोरा कागद देऊ नका. आधी दोन आठवडे तीन तयार वर्कआउट द्या. एक निवडायचा आणि कारण लिहायचं. मग चार रिकाम्या जागा: किती वेळा, किती वेळेत, मध्ये किती थांबायचं, आणि कधी सोडायचं. उद्देश आणि हद्द तुमची. उदाहरणार्थ: ‘१५०० च्या वेगाची सवय. वेगाने धावलेलं एकूण अंतर १६०० ते २४०० मीटर. १५०० च्या वेगापेक्षा २०० मीटरमागे ३ सेकंदांहून जास्त जलद नको.’

समजा, १५०० ला ५:२० लागणारी मुलगी लिहून आणते: ६ × ४००, प्रत्येकी ८० सेकंद, मध्ये १ मिनिट, सलग दोन वेळा ८३ च्या वर गेले तर थांबायचं. तुम्हाला दिसतं, हे जमणार नाही. ‘नाही’ म्हणू नका, दोन प्रश्न विचारा. तुझा १५०० चा वेग ४०० ला किती पडतो? ती मांडेल, साधारण ८५. मग ८० म्हणजे कुठल्या टायमिंगचा वेग? ५ मिनिटांचा. इथे ती बदलेल किंवा तसंच ठेवेल. ठेवलं तर करू द्या. ८०, ८२, ८७, ९१, आणि तिच्याच नियमाने बंद. खाली तिने लिहायचं, पुढच्या वेळी काय बदलणार. बहुतेक ८५ आणि २ मिनिटं असंच लिहील. या सगळ्याची किंमत एक अर्धवट वर्कआउट. आणि ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ हे वाक्य गिळून टाका. ते तोंडातून निघालं की पुढच्या आठवड्याचा कागद तुमच्या आवडीचा येईल, तिचा नाही.

काही गोष्टी मुलांच्या हाती जाऊच नयेत. लागोपाठ दोन दिवस जोराचा सराव, एप्रिल-मेच्या भर उन्हातलं धावणं, अंधारात रस्त्यावर धावणं, कुणी लक्ष न ठेवता वजनं उचलणं. तापात धावणं तर कधीच नाही, आणि डेंग्यू-मलेरियानंतर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय बूट घालायचे नाहीत.

तुमच्या ड्युटीचे चार दिवस

हे एकदम करू नका. पहिले दोन आठवडे आठवड्यातून एक दिवस मैदानाच्या कडेला बसून तुमचं दुसरं काम करा. मग सुरुवातीची वीस मिनिटं मुद्दाम मैदानावर येऊ नका, ऑफिसच्या खिडकीतून बघा. मग एक अख्खा दिवस. कुणीतरी मोठं माणूस आवारात हवंच, दुसरे शिक्षक किंवा शिपाई, आणि प्रथमोपचार पेटी व फोन कुठे आहे हे दोन मुलांना माहीत हवं. एकट्याने सराव नाही, किमान तिघे.

परत आल्यावर ‘झालं का सगळं?’ विचारलं तर ‘हो सर’ हेच ऐकू येणार. ‘काय बदललंत आणि का?’ असं विचारा. खरोखर सराव केलेल्या मुलाकडे उत्तर असतं: पाऊस आला म्हणून ४०० ऐवजी चढावर केलं, दोघींचे बूट ओले होते, अमुक लवकर थांबला. न केलेल्याला ‘काही नाही, सांगितलं तसंच’ याच्या पुढे जाता येत नाही. राउंड चोरणारा सापडला तर जास्तीचे राउंड लावू नका. राउंड ही शिक्षा झाली की शिक्षा टाळणं शहाणपणाचं ठरतं. त्याला पुढचे आठ दिवस इतरांच्या वेळा नोंदवायला बसवा.

आणि पहिल्या महिन्या-दीड महिन्यात टायमिंग थोडं घसरेल, हे आधीच धरून चाला. तेवढ्यात जिल्हा स्पर्धा आली की शिट्टी परत हातात घ्यावीशी वाटते. म्हणून हे काम स्पर्धेच्या तोंडावर सुरूच करू नका. जून किंवा दिवाळीनंतरचा काळ बरा.

घर, परीक्षा, स्पर्धा

यायला जमणार नसेल तर फोन मुलाने करायचा. आईने केला तर नम्रपणे म्हणा, ‘ताई, त्याला द्या, तो बोलू दे.’ दप्तर आणि बूट वडिलांनी गाडीवरून आणून द्यायचे नाहीत. पालकांची वीस मिनिटांची एक बैठक घेऊन हे आधी सांगून टाका, नाहीतर सर उद्धट आहेत असा निरोप फिरतो.

दहावीच्या वर्षी मुलं गायब होतात, कारण पर्याय दोनच दिसतात: सगळं किंवा काहीच नाही. डिसेंबरमध्येच त्यांच्याकडून परीक्षेपर्यंतचं किमान वेळापत्रक लिहून घ्या, आठवड्यातून तीन दिवस, ३५ मिनिटं. महिन्याच्या खंडानंतर परतताना पहिला आठवडा आधीच्या निम्मा आणि वेगाचं काम शून्य, हेही त्याच कागदावर.

स्पर्धेच्या आदल्या रात्री पिशवी मुलाने भरायची: ओळखपत्र, बोनाफाइड, जन्मतारखेचा दाखला, बूट, चेस्ट नंबरसाठी चार सेफ्टी पिना, पाणी, केळी. रिपोर्टिंगची वेळ त्यानेच विचारून यायचं. शर्यतीचा बेत पुठ्ठ्यावर तीन ओळींत: पहिला ४०० किती, कुठे मागे राहायचं, कुठून जोर लावायचा. संपल्यावर पहिला बोलणारा तो. तुम्ही घड्याळातल्या वेळा फक्त त्याने मागितल्या तरच द्या.

औषधांबाबत मात्र थोडा वेळ द्या. उत्तेजक-विरोधी नियमांत खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार असतो. सरांनी दिलं, मेडिकलवाल्याने दिलं, माहीत नव्हतं, याने नियमभंग टळत नाही. लहान वयाला शिक्षेत सवलत मिळू शकते, तपासणीतून सूट नाही. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन हा चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक असतो, आणि स्पर्धेच्या वेळी लघवीत ते दर मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की नियमभंग. तेव्हा गोळीच्या पाकिटावरचं घटकाचं नाव वाचणं, डॉक्टरांना ‘मी खेळाडू आहे’ असं सांगणं, आणि जिममधल्या दादाने दिलेली डब्यातली पावडर न घेणं, हे चौदाव्या वर्षीच यायला हवं.

राहिले ते दोघे-तिघे. लगेच काढू नका, आधी तीन गोष्टी तपासा. त्यांना खरंच धावायचंय की घरच्यांनी सवलतीच्या गुणांसाठी पाठवलंय? लांब पळण्याऐवजी फेक किंवा उडी आवडेल का? घरून निघताना काही खाल्लेलं असतं का? तिसरं उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी भिजवलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा खिशात ठेवायला सांगा आणि दोन आठवडे थांबा. तरीही हलले नाहीत तर एकेकट्याला बोलावून विचारा, की सहा आठवड्यांनी स्वतः कोणती एक गोष्ट ठरवायला तयार आहेस, आणि ती वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या अक्षरात लिहून घ्या. काहीच लिहायचं नाही म्हणाला, तर त्याने आपला निर्णय दिला आहे. तो मान्य करा आणि मैदानाचं दार उघडं आहे एवढं सांगून ठेवा.